मुक्कामाचा दिवस आणि वऱ्हाडातील दोन शहरे

पाठीवर एकच सॅक, रेल्वेचा साधा डबा किंवा एसटी, आणि रात्रीच्या निवाऱ्याला धर्मशाळा, लॉज अथवा डॉर्मिटरी, म्हणजे एकाच दालनात ओळीने खाटा मांडलेली स्वस्त निवासव्यवस्था, एवढ्या साधनांवर आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रवासाला आता मराठीतही सर्रास बॅकपॅकिंग म्हटले जाते. या प्रवासाविषयीच्या लेखनात किल्ले, घाट, समुद्रकिनारे आणि देवळे यांची रेलचेल असते; परंतु अशा दीर्घ प्रवासात अधूनमधून असाही एक दिवस येतो, की ज्या दिवशी कोणतीच गाडी पकडायची नसते, पाहायच्या स्थळांची यादी संपलेली असते किंवा मुळात केलेलीच नसते, धुतलेले कपडे लॉजच्या गच्चीवर वाळत असतात आणि माणूस एखाद्या अनोळखी शहरात नुसता असतो. या दिवसाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. प्रवासाचे शास्त्र म्हणून काही मानायचे असेल, तर त्यात या दिवसाला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.

अमेरिकेच्या पूर्व भागातील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या ॲपलाचियन पायवाटेवर महिनोन्‌महिने चालणारे लोक अशा दिवसाला ‘झिरो डे’ म्हणतात, कारण त्या दिवशी चालीच्या हिशेबात शून्य मैल जमा होतात. वाटेजवळच्या गावात उतरून आंघोळ, धुणे, टपाल आणि पोटभर जेवण यांत ते तो दिवस घालवतात. महाराष्ट्राला ही कल्पना मुळीच परकी नाही. शेगावहून पंढरपूरला पायी निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी मजल दरमजल करीत अकोल्यास पोचते तेव्हा तिचा तेथे दोन दिवस मुक्काम असतो, आणि पायांची दुखणी, तुटलेल्या चपला, राहिलेली झोप यांचा निपटारा वारकरी अशाच मुक्कामांत करतात. फरक इतकाच, की वारीचा मुक्काम आधीपासून ठरलेला असतो, त्याचे ठिकाण, त्याची पंगत आणि त्याचे यजमानही ठरलेले असतात. बॅकपॅकरचा मुक्काम मात्र बहुधा गाडी चुकल्याने, पोट बिघडल्याने किंवा केवळ कंटाळ्याने पदरात पडतो, आणि म्हणूनच त्याचे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते.

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या पट्ट्यात, हा प्रश्न विशेष उठून दिसतो. येथील दोन मोठी शहरे प्रवाशांच्या लेखी केवळ गाडी बदलण्याची ठिकाणे आहेत. चिखलदरा आणि मेळघाटच्या जंगलाकडे जाणारा अमरावतीस उतरतो, तर नरनाळा किल्ल्याकडे निघालेला अकोल्यास. दोन्हीकडे तो बसस्थानकासमोर चहा पिऊन पुढची बस शोधतो. ताजमहाल किंवा वेरूळ यांसारखे, तिकीट काढून पाहावे असे काही या शहरांत नाही, ही गोष्ट त्यांच्या उणेपणाची मानली जाते. बेताविना घालवायच्या दिवसासाठी मात्र तीच त्यांची सर्वांत मोठी सोय आहे, कारण जेथे पाहिलेच पाहिजे असे काही नसते तेथे काही चुकल्याची रुखरुखही लागत नाही.

अमरावतीत रेल्वेने उतरणाऱ्याला या शहराचे पहिले वैशिष्ट्य फलाटावरच कळते. मुंबई-नागपूर हा मुख्य लोहमार्ग शहरातून न जाता सुमारे १० किलोमीटरवरच्या बडनेऱ्यावरून गेला, आणि शहरासाठी तेथून एक फाटा काढण्यात आला. त्यामुळे शहराच्या ऐन मध्यावर असलेल्या जुन्या स्थानकात रूळ संपतात. हा फाटा ज्या मालासाठी मोलाचा होता तो माल म्हणजे कापूस. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाची एक जातच या शहराच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखली जाई, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडी कापसाचे भाव गगनाला भिडले. रेल्वे येण्यापूर्वी हाच कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेत गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेला जात असे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे धाडल्याचे जुन्या गॅझेटियरात म्हटले आहे. पाठीवर ओझे घेऊन लांब पल्ल्याला निघण्याची रीत या मुलखात किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे; अर्थात त्या बैलांना मुक्कामाचा दिवस किती वेळा मिळत असेल याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

कापसाच्या पैशामुळेच शहराभोवती परकोट आला. परकोट म्हणजे वस्तीच्या रक्षणासाठी सर्व बाजूंनी घातलेली तटबंदी. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांपासून येथील सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे यासाठी निजामाच्या सरकारने १८०७ च्या सुमारास ही दगडी भिंत बांधायला घेतली. तिचा घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, तिला पाच मोठे दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे माणसापुरती लहान द्वारे. आज भिंतीचे काही तुकडे आणि दरवाजे शिल्लक आहेत, पण नावे मात्र शाबूत आहेत: अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी. एका खिडकीला ‘खुनारी’ असे नाव पडले, कारण तिच्याजवळच्या झटापटीत सातशे माणसे मारली गेली अशी कथा गॅझेटियरात आहे. हातात वेळ असलेल्या माणसाला या नावांच्या आधाराने नकाशाविना शहर फिरता येते. रिक्षावाल्याला नुसते ‘नागपुरी गेट’ म्हटले तरी पुरते, आणि तेथून पायी निघून भिंतीच्या कडेकडेने, घरांच्या मागच्या अंगाला चिकटून राहिलेले काळे दगड शोधत जाणे हा अर्ध्या दिवसाचा निवांत उद्योग होतो.

या फेरीत अंबादेवीचे देऊळ ओघानेच येते. रुक्मिणीचे हरण येथूनच झाले अशी लोकश्रद्धा आहे. परंतु देवळासमोर जरा जास्त वेळ बसणाऱ्याने त्या पौराणिक कथेबरोबर अलीकडचाही इतिहास लक्षात ठेवावा. या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९२७ साली सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पाठीशी होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. त्याआधी तीस वर्षे, १८९७ मध्ये, सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशनही याच शहरात झाले होते. धावत्या दर्शनात यातले काहीच कळण्याची शक्यता नसते.

बाजाराची वेळ मात्र सांभाळावी लागते, कारण कृषी उत्पन्न बाजार समितीतील हर्रास, म्हणजे जाहीर लिलाव, कोणासाठी थांबत नाही. सोयाबीन किंवा तुरीच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात; एक जण ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल वर काढतो, चार दाणे तळहातावर चोळतो, एक दाताखाली फोडून ओल पाहतो; बोली चढते, अडत्या म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देणारा दलाल शेवटचा भाव पुकारतो, आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. या सर्व काळात ज्याचा माल आहे तो शेतकरी बहुधा एक शब्दही बोलत नाही. सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल दोन-चार मिनिटांत लागताना पाहणे हे कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत नमूद नाही, पण वऱ्हाड समजून घ्यायचे असेल तर एखाद्या धबधब्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे. त्यानंतर गाड्यावर गिला वडा खावा. उडदाच्या डाळीचा हा वडा तळून मऊ भिजवलेला असतो, वर दही आणि तिखट-आंबट चटणी असते, आणि अमरावतीकर त्याच्या चांगल्या गाड्यांवरून एकमेकांशी हिरिरीने भांडू शकतात.

पॅरिसच्या रस्त्यांवर निरुद्देश हिंडणाऱ्या रसिक माणसाला फ्रेंच भाषेत ‘फ्लानर’ म्हणतात, आणि कवी बोदलेअरने एकोणिसाव्या शतकात त्याला आधुनिक शहराचा खरा निरीक्षक ठरवले. बोदलेअरचा हा निरीक्षक गर्दीत मिसळून जातो, त्याला कोणी ओळखत नाही, आणि त्याचा आनंद त्या अनोळखीपणातच असतो. वऱ्हाडात ही सोय नाही. चहाच्या टपरीवरच्या बाकावर दहा मिनिटे बसलेल्या परक्या माणसाला ‘कोन्या गावचे हो तुमी?’ हा प्रश्न आलाच म्हणून समजावे, आणि उत्तर मिळाले की त्या गावात विचारणाऱ्याची आतेबहीण दिलेली निघते किंवा त्याचा साळा तेथे नोकरीला असतो. ‘येऊन रायले’, ‘जाऊन रायले’, ‘काऊन’, ‘राजेहो’ अशी वळणे असलेली ही वऱ्हाडी बोली ऐकण्यासाठी पुण्या-मुंबईच्या प्रवाशाने अन्य काही न करता नुसते बसून राहिले तरी पुरे. येथे निरीक्षण करायला आलेल्याचेच आधी निरीक्षण होते, आणि ते झाल्यावरच शहर मोकळे बोलू लागते.

संध्याकाळी अमरावतीतल्याच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानाकडे वळावे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, आणि मल्लखांबाचा प्रसार करण्यात तिचा वाटा मोठा आहे.

नियोजनाविना थांबण्याची वऱ्हाडातील सर्वांत बोलकी लेखी नोंद एका अमरावतीकराचीच आहे, जरी तो मुक्काम अमरावतीत झालेला नाही. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि नामांकित वकील गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ मध्ये शिर्डीस गेले ते मार्च १९१२ पर्यंत तेथेच राहिले, कारण साईबाबांकडून परतण्याची परवानगी मिळत नव्हती. इकडे वकिली पडून होती आणि मिळकत थांबली होती. या काळात त्यांनी इमानाने रोजनिशी लिहिली. त्या रोजनिशीत बहुतेक दिवशी विशेष काही घडत नाही: पहाटे उठणे, काकडआरती, बाबा बाहेर जाताना आणि परत येताना दिसणे, ग्रंथाचे वाचन, कोण आले आणि कोण गेले. पण विशेष काही न घडलेल्या दिवसांची ही रांगच आज त्या काळच्या शिर्डीविषयी जाणून घेण्याचे महत्त्वाचे साधन झाली आहे. खापर्डे हे बॅकपॅकर नव्हते, हे सांगणे नको. त्यांचा संसार आणि लवाजमा सॅकमध्ये मावणारा नव्हता. तथापि घाईचा माणूस अडकून पडला की त्याची नजर कशी बदलते, याचा तो चांगला पुरावा आहे.

खऱ्या अर्थाने पाठीवरच्या बिऱ्हाडाचा माणूस म्हणायचा तर तो गाडगेबाबाच. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी वाढलेले डेबूजी १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघाले ते आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २० डिसेंबर १९५६ पर्यंत, फिरतच राहिले. अंगावर चिंध्यांचा वेष, हातात काठी आणि मातीचे गाडगे, एवढेच सामान. त्यांच्या प्रवासाची पद्धत मात्र आजच्या प्रवाशाने निरखून पाहावी अशी आहे: अनोळखी गावात शिरल्यावर ते प्रथम झाडू घेऊन गटारे आणि रस्ते झाडू लागत, त्या कामातून गावाला त्यांची आणि त्यांना गावाची ओळख होई, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन होई. गावाकडून घेण्यापूर्वी गावाला काही देण्याचा हा क्रम पर्यटनाने अजून शिकलेला नाही. प्रवाशाला डोक्यावर छप्पर हवे हेही त्यांनी जाणले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, आळंदी, देहू, नाशिक येथील धर्मशाळा आणि मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी उभारलेले निवारे ही त्यांची कामे. अल्प खर्चात रात्र काढण्याची जी सोय युरोपात रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाच्या युवा वसतिगृहांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली, ती महाराष्ट्रात जवळपास त्याच काळात एका निरक्षर माणसाने वर्गणीवर उभी केली, ही तुलना आपल्याकडे क्वचितच केली जाते. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.

अमरावती ते अकोला हे अंतर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर असून त्याची आजची प्रसिद्धी वेगाबद्दल आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या या टप्प्यात ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. याच वाटेवरच्या मूर्तिजापुरात उलट टोकाची आठवण आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी संबंधित असलेली, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गाडी १९९४ पर्यंत मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत होती, आणि वाटेतली फाटके बंद करण्यासाठी गाडी थांबवून तिच्यावरचाच माणूस खाली उतरत असे. आज ती बंद आहे. एसटीच्या संथ गतीला मात्र महामंडळानेच १९८८ पासून अधिकृत रूप दिले आहे: ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास काढून राज्यभर कोणत्याही मार्गाने हिंडता येते, आणि मनात येईल त्या गावी उतरता येते. बॅकपॅकिंगवर उत्साहाने बोलणाऱ्या तरुण मंडळींना हा पास बहुधा माहीत नसतो.

अकोल्यात मोर्णा नदी जुने शहर वेगळे करते. नदीकाठचा असदगड हा किल्ला १६९७ साली औरंगजेबाच्या कारकिर्दीत असदखानाच्या नावे बांधला गेला, असे दहिहंडा वेशीवरचा शिलालेख सांगतो. गंमत अशी, की अगर वेशीवर मराठीतला दुसरा एक लेख आहे आणि त्यानुसार हा किल्ला १८४३ साली गोविंद अप्पाजी यांनी बांधला. दोन्ही लेख खरे असणे शक्य नाही. दुसरा लेख कदाचित एखाद्या दुरुस्तीचा असावा, असा अंदाज बांधता येतो. किल्ला ‘करून’ निघणारा या विसंगतीपाशी थांबत नाही. तेथून ग्रामदैवत राजराजेश्वराचे मंदिर गाठता येते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीकाठच्या गांधीग्रामहून, सुमारे १८ किलोमीटरवरून, शिवभक्त खांद्यावरच्या कावडींतून पाणी आणून या देवाला घालतात, आणि त्या दिवशी बेताविना अकोल्यात उतरलेल्याने लॉजमध्ये खोली मिळण्याची आशा धरू नये.

ज्या मोर्णेच्या काठाने ही भटकंती होते ती जलपर्णीने आणि सांडपाण्याने गुदमरलेली असे. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर स्वतः नदीत उतरले आणि ‘मोर्णा स्वच्छता मिशन’ची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही घेतली गेली. नदी त्यानंतर कायमची स्वच्छ झाली असे समजण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या श्रमदानाने सांडपाण्याची वाट बदलत नसते. शहराच्या दुसऱ्या अंगाला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या बाजूला सकाळी गेल्यास शहरातून थेट शेतात आल्यासारखे वाटते, आणि अकोल्याच्या डाळमिलना कच्चा माल पुरवणारी तूर कशी असते हे प्रत्यक्ष पाहता येते. ही तूर डाळ होण्यापूर्वी तिला तेल-पाणी चोळून उन्हात वाळवतात, म्हणजे टरफल सैल होते. अकोल्याच्या प्रखर उन्हाचा हा एक व्यवहारी उपयोग.

हे ऊनच अशा दिवसाची खरी मर्यादा आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारी बाजाराची शटरे खाली येतात, कूलरच्या आवाजाखेरीज गल्लीत काही ऐकू येत नाही, आणि पाणपोईवरचा रांजण हाच प्रवाशाचा आधार उरतो. तेव्हा भटकण्याची हौस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच भागवावी. दुसरी मर्यादा सामानाची. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये, म्हणजे सामान ठेवण्याच्या खोलीत, प्रवासाचे तिकीट दाखवून सॅक ठेवता येते, पण सॅकला कुलूप असावे लागते, आणि बहुतेक सॅकना ते लावायची सोयच नसते. तिसरी आणि सर्वांत गंभीर मर्यादा अशी, की पारावर दोन तास बसणारा पुरुष कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, एकटी स्त्री मात्र येते. तिच्या वाट्याला निवांतपणा यावा म्हणून वाचनालय, देवळाचा सभामंडप, उद्यान अशी मोजकीच ठिकाणे उरतात, आणि स्वच्छ स्वच्छतागृह हा तर भाग्याचा विषय आहे. मुक्कामाच्या दिवसाचे गोडवे गाणारे लेखक बहुतेक पुरुष असतात, हा योगायोग नव्हे.

या शहरांना नवे स्मारक किंवा कारंजी यांची गरज नाही. अमरावती आणि अकोल्याच्या महानगरपालिकांनी परकोटाचे दरवाजे आणि असदगडाच्या वेशी येथील लेखांचे वाचन सोप्या मराठीत फलकावर लिहावे, बसस्थानकांवर कुलूपबंद सामानघर आणि स्त्रियांसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह द्यावे, आणि सार्वजनिक वाचनालयांचे वृत्तपत्र-दालन दुपारभर उघडे ठेवावे. गाडी चुकलेल्या प्रवाशासाठी एवढी व्यवस्था पुरेशी आहे, आणि तिचा उपयोग शहरात राहणाऱ्यांनाही होईल.